रेफ्युजियमचा दिवा: किती तास, कधी आणि कोणत्या टायमरवर

पंचगंगेत जलपर्णी कशावर माजते, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. सांडपाण्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट येतं, वरून ऊन मिळतं, आणि बघता बघता पाणी हिरवं झाकून जातं. खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली, सम्पमधल्या (पाणी साफ करणाऱ्या खालच्या टाकीतल्या) एका कप्प्यात, आपण हेच मुद्दाम घडवतो. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट-फॉस्फेट तिथलं समुद्री शेवाळ खातं, ते वाढलं की आपण कापून बाहेर काढतो, आणि त्याच्यासोबत टाकीतली घाण कायमची बाहेर जाते. या कप्प्याला रेफ्युजियम म्हणतात. नदीशी तुलना इथेच संपते, कारण रेफ्युजियममधलं ऊन टायमरच्या बटणावर चालतं.

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवा किती तास लावू? एक जण आठ सांगतो, दुसरा बारा, तिसरा चोवीस. तिघांच्याही टाक्या व्यवस्थित चाललेल्या असतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. तासांचा आकडा दुसऱ्याच्या टाकीवरून उचलता येत नाही. तो तुमच्या पाण्याच्या चाचणीतून काढावा लागतो आणि महिन्यागणिक बदलावा लागतो. तो कसा काढायचा, एवढंच खाली सांगितलं आहे. उदाहरणासाठी २०० लिटरची डिस्प्ले टाकी (मासे दिसतात ती वरची) आणि सम्पमध्ये ३० लिटरचं रेफ्युजियम धरलं आहे. तुमची टाकी लहानमोठी असेल तर दिव्याचे वॅट आणि शेवाळाचं वजन त्या प्रमाणात बदला. तासांचे नियम तेच राहतात.

१. टाकी तयार आहे का, आधी ते बघा

सम्प बसला, पंप सुरू झाला, की लगेच शेवाळ आणून दिवा लावायचा मोह होतो. थांबा. शेवाळाला खायला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. नव्या टाकीत, त्यातही कोरडे खडक वापरलेल्या टाकीत, सुरुवातीला ते जवळपास नसतंच. दिवा जोरात आणि ताटात काही नाही, अशा अवस्थेत शेवाळ पांढरं पडून विरघळतं, आणि जे काही त्यात साठलं होतं ते परत पाण्यात सोडतं.

म्हणून सायकलिंग, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढण्याचा काळ, पूर्ण होऊ द्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट किमान ५ पीपीएम (दहा लाखांत ५ भाग; पुढचे नायट्रेट-फॉस्फेटचे आकडेही पीपीएममध्येच) दिसायला लागलं की रेफ्युजियमची वेळ झाली. याला बहुतेक टाक्यांत चार ते सहा आठवडे जातात. क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट घनता १.०२६ च्या आसपास, आणि तापमान २५ ते २७ अंश एवढं स्थिर असावं. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले घटक) शून्य. नळाच्या पाण्यातून येणारं फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाकडून साफ करून घेणं म्हणजे उगाच दुप्पट काम.

२. लागणारं सामान

- २० ते ३० वॅटचा एलईडी दिवा, पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित, म्हणजे आयपी ६५ दर्जाचा
- बॅटरी असलेला डिजिटल टायमर (कोणता, ते सातव्या टप्प्यात)
- नायट्रेट आणि फॉस्फेटच्या चाचण्या. सॅलिफर्ट किंवा हॅना या कंपन्यांच्या चालतात, पण मुदत संपलेली बाटली नको
- पीएच मीटर, आणि ७ व १० चं कॅलिब्रेशन द्रावण
- कीटो, म्हणजे तारांच्या गुंत्यासारखं दिसणारं कीटोमॉर्फा शेवाळ, निथळून १०० ते १५० ग्रॅम
- प्लास्टिकची चाळण आणि किचनमधला डिजिटल काटा
- काळं ॲक्रिलिक किंवा काळी फोम शीट, प्रकाश अडवायला
- ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरोखर जोडलेला सॉकेट
- वही

शेवाळ कोणतं घ्यायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे: पहिल्यांदा कीटोच घ्या. कौलर्पा (दुसरं एक समुद्री शेवाळ) भराभर वाढतो आणि दिसायलाही देखणा, पण तो एका रात्रीत बीजपेशी सोडून मरू शकतो. सकाळी पाणी दुधासारखं पांढुरकं दिसतं, ऑक्सिजन घसरतो आणि आतापर्यंत शोषलेलं सगळं परत पाण्यात येतं. हे टाळायला काही जण कौलर्पावर चोवीस तास दिवा ठेवतात आणि सतत छाटतात. 'चोवीस तास' हा सल्ला मुळात तिथून आलेला आहे. कीटोला त्याची गरज नाही.

आणखी एक. कोल्हापुरातून मालवण-रत्नागिरी जवळ, म्हणून खडकावरचं शेवाळ खरवडून आणायचा विचार मनात येतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, आणि प्रवाळाला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय किनाऱ्यावरच्या शेवाळातून खेकडे, उपद्रवी ॲनिमोन आणि तेलाचा तवंग सोबत येतो. एखाद्या हौशी माणसाच्या चालू टाकीतलं कीटो मागून घ्या. वाढलेलं त्याला काढून टाकायचंच असतं.

३. दिवा निवडणं आणि टांगणं

शेवाळाला लाल आणि निळा प्रकाश जास्त उपयोगी पडतो, ६६० आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यामुळे जांभळट-गुलाबी ग्रो लाइट चांगलं काम करतात. तरी नव्या माणसाने पांढरा दिवा घ्यावा, ६५०० केल्विनचा. वाढ थोडी कमी मिळेल, पण शेवाळ गडद हिरवं आहे, पिवळं पडतंय की टोकाला पांढरं होतंय, हे डोळ्यांना कळेल. गुलाबी प्रकाशात हे सगळं काळपट दिसतं आणि बिघाड आठ दिवस उशिरा लक्षात येतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा २० वॅटचा बाहेरच्या वापराचा फ्लडलाइट सुरुवातीला पुरतो. घरातला ९ वॅटचा बल्ब ३० लिटरच्या कप्प्याला कमी पडतो.

दिवा सुरुवातीला पाण्यापासून ३० सेंटिमीटर वर टांगा. कपाटाची उंची तेवढी नसेल तर दिव्यापुढे पातळ बटर पेपर लावा, पण तो काचेपासून सुटा ठेवा, नाहीतर तापून पिवळा पडतो. स्टँडला आतून ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन हुक लावून घेतले की उंची पाहिजे तशी बदलता येते. असं किरकोळ काम शिवाजी उद्यमनगरात करून मिळतं.

वायरिंगमध्ये हयगय नको. प्लग बोर्ड सम्पच्या वर नको, बाजूच्या भिंतीला, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

४. तास आणि तीव्रता यांचा हिशोब

शेवाळाला दिवसभरात एकूण किती प्रकाश मिळाला, त्यावर वाढ ठरते. पार मीटर (शेवाळाला वापरता येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) उसना मिळाला तर हिशोब सोपा आहे: पारचा आकडा गुणिले तास गुणिले ०.००३६.

पार २०० आणि १० तास म्हणजे ७.२. पार १२० आणि १४ तास म्हणजे ६.०५. पार २५० आणि ६ तास म्हणजे ५.४.

यावरून लक्षात येईल की शेजाऱ्याचे १४ तास आणि तुमचे १० तास यात फारसा फरक नसेल, किंवा तुमच्याकडेच जास्त प्रकाश पडत असेल. तीव्रता पाहिजे तेवढी वाढवता येत नाही, एका मर्यादेपुढे शेवाळ जास्तीचा प्रकाश वापरू शकत नाही आणि भाजतं. त्यामुळे दिवा मध्यम ठेवा आणि बदल तासांत करा. मीटर नसेल तर मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. रंगीत दिव्याखाली ते काहीही दाखवतं.

पाण्याचा प्रवाहही यात धरा. ताशी १०० ते २०० लिटर पाणी रेफ्युजियममधून गेलं पाहिजे, आणि कीटोचा गोळा अगदी सावकाश फिरत राहिला पाहिजे. एकाच जागी पडून राहिला तर वरचा थर हिरवागार आणि आतला भाग अंधारात कुजलेला, अशी अवस्था होते. बाहेरून सगळं छान दिसतं. हात घालून गोळा उघडला की आत तपकिरी गाळ निघतो.

५. वेळ कोणती: डिस्प्लेच्या उलट

डिस्प्लेचा दिवा बंद झाला की तिथलं प्रकाशसंश्लेषण थांबतं. मासे, प्रवाळ, खडकातले जिवाणू मात्र रात्रभर श्वास घेत असतात. कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. संध्याकाळी ८.२ असलेलं पाणी पहाटे ७.९ वर आलेलं दिसतं. त्याच वेळी रेफ्युजियमचा दिवा चालू असेल तर शेवाळ तो कार्बन डायऑक्साइड वापरतं, ऑक्सिजन सोडतं, आणि ही घसरण कमी होते. पूर्ण थांबत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका.

कोल्हापुरात याचे आणखी दोन फायदे आहेत. एप्रिल-मे मध्ये दुपारी टाकी आधीच तापलेली असते, तेव्हा दिव्याची उष्णता रात्रीवर ढकललेली बरी. आणि पावसाळ्यात जून ते सप्टेंबर खिडक्या बंद असतात, घरातच कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणून पहाटेचा पीएच उन्हाळ्यापेक्षा खाली दिसतो. त्या चार महिन्यांत रात्रीच्या दिव्याचा उपयोग जास्त जाणवतो. स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसाने घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर सोडली तर आणखी मदत होते.

टाकी झोपायच्या खोलीत असेल आणि कपाटातून फटीफटीने उजेड येत असेल, तर दिवा दिवसा लावा. नायट्रेट-फॉस्फेट तेवढंच उतरतं, गमावता तो फक्त रात्रीच्या पीएचचा फायदा. झोप मोडून पीएच सांभाळण्यात अर्थ नाही.

नेहमीच्या घरासाठी हे जमतं: डिस्प्ले दुपारी १२.३० ते रात्री ९.३०. रेफ्युजियम रात्री १० पासून पुढे. तास वाढवायचे झाले की आधी सकाळची बाजू वाढवा, मग संध्याकाळची. दोन्ही दिवे तासभर एकत्र चालले तरी काही बिघडत नाही.

६. पहिले चार आठवडे आणि त्यानंतरचे नियम

पहिला आठवडा: रात्री १० ते पहाटे ४, सहा तास, दिवा ३० सेंटिमीटरवर. नवं शेवाळ दुसऱ्याच्या टाकीतून आलेलं असतं, त्याला प्रकाश बदलल्याचा धक्का बसतो.

दुसरा आठवडा: रात्री १० ते सकाळी ६, आठ तास. दिवा २० सेंटिमीटरवर आणा.

तिसरा आठवडा: काहीही बदलू नका. नायट्रेट, फॉस्फेट, पीएच आणि शेवाळाचं वजन नोंदवा. चाचणी नेहमी ठरावीक वाराला, ठरावीक वेळी, खाणं घालण्याआधी करा. पीएच मात्र दोनदा: सकाळी ६.३० ला आणि रात्री ९ ला.

वजन कसं घ्यायचं: कीटो चाळणीत काढा, दोनदा झटका, पाच मिनिटं निथळू द्या आणि काट्यावर ठेवा. पाच म्हणजे पाचच मिनिटं, दर वेळी. एकदा दोन मिनिटं आणि एकदा दहा मिनिटं निथळवलं तर आलेला फरक पाण्याचा असतो, शेवाळाचा नाही. चाळणीच्या खाली सम्पचंच पाणी भरलेली परात ठेवा, म्हणजे त्यातून पडणारे कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड हे बारीक जीव परत टाकता येतात. माशांसाठी ते जिवंत खाणं आहे.

चौथ्या आठवड्यापासून तास चाचणीवर चालवा.

नायट्रेट २० च्या वर आणि वजन वाढतंय: आठवड्याला एक तास वाढवा.

नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१: हात लावू नका. वाढ कितीही मंद वाटली तरी.

नायट्रेट २ च्या खाली किंवा फॉस्फेट ०.०२ च्या खाली: त्याच दिवशी दोन तास कमी करा आणि माशांचं खाणं थोडं वाढवा. इथे उशीर महागात पडतो. पोषण शून्यावर गेलं की वाळूवर आणि खडकांवर डायनोफ्लॅजलेट येतात. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री विरळ होतात आणि दुपारपर्यंत परत दाट. ते घालवण्यात महिने जातात. जास्त स्वच्छ पाणी हे नव्या हौशी लोकांना यशाचं लक्षण वाटतं, पण प्रवाळालाही थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतंच.

नायट्रेट २० च्या वर, पण वजन वाढतच नाही: तास वाढवून उपयोग नाही. प्रवाह बघा, दिव्याची काच पुसा, गोळा उघडून बघा. सगळं ठीक असूनही शेवाळ पिवळट असेल तर लोह आणि मँगनीज संपलेलं असतं. आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असाल तर ही वेळ सहसा येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र ०.२ वर अडकलं असेल तेव्हा. समुद्री शेवाळात नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण अणूंच्या मोजणीत साधारण ३० ला १ असतं. आपल्या चाचणीच्या आकड्यांत ते जवळपास २० ला १ होतं. म्हणजे फॉस्फेट ०.०५ ने उतरवायला शेवाळाला नायट्रेट १ पीपीएम लागतं. फॉस्फेट ०.२ वरून ०.०५ वर आणायचं, तर ३ पीपीएम नायट्रेट हवं. तेच नसेल तर चोवीस तास दिवा लावूनही फॉस्फेट हलणार नाही, उलट शेवाळ उपाशी मरेल. अशा वेळी तास सहावर आणा आणि फॉस्फेटसाठी जीएफओ हे लोहयुक्त माध्यम थोडंसं वापरा, किंवा सोडियम नायट्रेटचं मोजून केलेलं द्रावण देऊन नायट्रेट ५ पर्यंत न्या.

हॅनाच्या मीटरचे दोन प्रकार असतात. एक थेट फॉस्फेट दाखवतो, दुसरा फॉस्फरस, तोही पीपीबीत. दुसरा असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. मीटरवर २० दिसलं तर फॉस्फेट ०.०६ झालं. हे न करता २० लाच फॉस्फेट समजून घाबरलेले लोक कमी नाहीत.

वरची मर्यादा १६ तास. कीटोला काही तास अंधार मिळू द्या. सोळा तासांवरही नायट्रेट उतरत नसेल तर शेवाळ कमी पडतंय किंवा खाणं जास्त होतंय, तासांचा प्रश्न राहिलेला नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. त्याच आठवड्यात डिस्प्लेचा दिवा वाढवला, स्किमर बदलला आणि रेफ्युजियमचे तासही वाढवले, तर आकडा कशाने हलला ते कोणीच सांगू शकणार नाही.

७. टायमर: इथे सगळ्यात जास्त गडबड होते

बाजारात तीन प्रकार मिळतात.

चकतीचा टायमर. कडेला पिना, बहुतेकांत ९६, एका पिनेला १५ मिनिटं. स्वस्त आणि दणकट. अडचण अशी की वीज गेली की चकतीही थांबते. वळवाच्या दिवसांत रोज सरासरी २० मिनिटं वीज जाते असं धरा. नऊ दिवसांत टायमर तीन तास मागे पडला. महिन्याभरात दहा तास. रात्री १० ला लागणारा दिवा सकाळी ८ ला लागायला लागतो. तास आठच राहतात, शेवाळही वाढत राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त पहाटेचा पीएच हळूहळू पूर्वीच्या जागी घसरतो. हा टायमर वापरायचाच असेल तर तो इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा, म्हणजे चकती थांबणार नाही.

डिजिटल टायमर. आत छोटी बॅटरी असते, वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं. माझी शिफारस हाच. नवा आणला की आधी रात्रभर सॉकेटमध्ये ठेवून बॅटरी भरू द्या, मग वेळ लावा. लावताना तीन ठिकाणी चुका होतात.

पहिली, चोवीस तासांचं घड्याळ न निवडणं. बारा तासांच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळची अदलाबदल सहज होते.

दुसरी, दिवसांचा गट. पडद्यावर आठवड्याचे सातही दिवस दिसतील तो गट निवडा, चालूसाठी आणि बंदसाठीही. फक्त सोमवार निवडून २२.०० ला चालू आणि ६.०० ला बंद असं भरलं, तर सोमवारी रात्री लागलेला दिवा थेट पुढच्या सोमवारी सकाळी बंद होतो, कारण मंगळवारी सकाळी बंद करा असं त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

तिसरी, शेवटी मोड 'ऑटो'वर न आणणं. 'ऑन'वर राहिला तर वेळापत्रक भरलेलं असूनही दिवा चोवीस तास चालतो. काही टायमरांत 'ऑन'वरून 'ऑटो'वर येताना पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत आहे तीच स्थिती राहते, म्हणून 'ऑफ'कडून 'ऑटो'वर या.

वायफाय प्लग. मोबाइलवरून तास बदलता येतात, ही सोय मोठी. पण वीज परत आल्यावर प्लगला बरोबर वेळ मिळायला राउटर आणि इंटरनेट लागतं. भर दुपारी वीज आली, प्लग 'चालू' स्थितीत उठला आणि नेट नाही, की दिवा नको त्या वेळी सुरूच. ॲपच्या सेटिंगमध्ये वीज आल्यावरची स्थिती 'बंद' ठेवा आणि राउटरही इन्व्हर्टरवर घ्या.

कोणताही टायमर असो, रविवारी त्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून बघा, आणि आठवड्यातून एकदा रात्री १०.०५ ला कपाट उघडून दिवा खरंच लागलाय का ते डोळ्यांनी बघा.

इन्व्हर्टरवर काय घ्यायचं याचा क्रम वेगळा. आधी वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) किंवा हवेचा पंप, मग रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर डिस्प्लेत नेणारा). रेफ्युजियमचा दिवा शेवटी. रिटर्न पंप बंद असेल तर सम्पमधला ऑक्सिजन वर डिस्प्लेपर्यंत पोचत नाही, मग बॅटरी दिव्यावर घालवून काय मिळणार? सगळ्यात बरं म्हणजे टायमर रिटर्न पंपाच्याच बोर्डवर जोडणं. पंप बंद तर दिवाही बंद. साचलेल्या पाण्यावर दिवा तासन्‌तास तापत राहत नाही.

८. उजेड जिथे नको तिथे

रेफ्युजियमच्या शेजारी रिटर्न पंपाचा कप्पा असतो. तिथे उजेड गेला की पंपाच्या जाळीवर आणि पाइपात शेवाळ धरतं आणि पंपाचा जोर कमी होतो. मधल्या काचेला काळं ॲक्रिलिक उभं लावा. साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे मिळतात का विचारा, एवढ्या कामाला ते पुरतात. वरूनही झाका, पण हवा खेळायला फट ठेवा.

मग रात्री हॉलमधले सगळे दिवे घालवून डिस्प्लेसमोर उभे राहा. कडेने किंवा ओव्हरफ्लोच्या (वरचं पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या) पाइपातून उजेड दिसत असेल तर तोही अडवा. माशांना अंधार लागतो.

दिव्याच्या काचेवर मिठाचा पातळ पांढरा थर बसतो. आठवड्याला दिवा बंद करून, गार झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. थर वाढत गेला की तेवढ्याच तासांत प्रकाश कमी पडतो, आणि मग लोक विनाकारण तास वाढवत बसतात.

९. कापणी आणि तासांचं नातं

गोळ्याने कप्प्याचा साधारण दोन तृतीयांश भाग व्यापला की कापा. एका वेळी एक तृतीयांश काढा, निम्म्यापेक्षा जास्त कधीच नाही. जास्त काढलं तर उरलेल्या शेवाळावर एकदम प्रखर उजेड पडतो आणि पुढच्या आठवड्यात नायट्रेट उसळी घेतं. निम्मं काढायची वेळ आलीच तर चार-पाच दिवस दोन तास कमी चालवा.

जुना, गडद, गाळ धरलेला भाग काढा आणि ताजी हिरवी टोकं ठेवा. काढलेल्याचं वजन वहीत लिहा. महिन्याभरात किती ग्रॅम बाहेर गेलं, हा आकडा कोणत्याही चाचणीइतकाच उपयोगी आहे. वजन सलग दोन कापण्यांत घटलं तर चाचणी बिघडण्याआधीच तुम्हाला कळलेलं असतं.

काढलेलं शेवाळ कोणाला द्यायचं नसेल तर गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून कुंडीतल्या खतात टाका. कोकणात गेलात म्हणून तिथल्या खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. टाकीतून सुटलेल्या कौलर्पाने भूमध्य समुद्रात केवढा मोठा तळ व्यापला, हे १९८४ मध्ये मोनॅकोजवळ तो पहिल्यांदा दिसल्यापासून जगाने पाहिलं आहे.

१०. पावसाळ्यात वीज लांबली तर

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या बऱ्याच भागांत काही दिवस वीज नव्हती, नळाचं पाणीही बंद होतं. जूनच्या आत ४० ते ५० लिटर आरओ-डीआय पाणी झाकून साठवा, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

कीटो दोन-तीन दिवसांचा अंधार सहज सोसतं. पाणी हलतं ठेवण्याकडे लक्ष द्या, दिव्याची काळजी सोडा. चौथ्या दिवसापासून रोज हात लावून बघा. गोळा मऊ, चिकट झाला किंवा वास यायला लागला, तर तेवढा भाग लगेच काढा. पाचेक दिवसांत वीज येईल असं दिसत नसेल तर निम्मं शेवाळ आधीच काढून टाका. कुजणारं शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन ओढतं, आणि तेव्हा तोच सगळ्यात कमी असतो.

वीज आल्यावर दिवा लगेच जुन्या तासांवर नेऊ नका. आधी अमोनिया तपासा. तो दिसत असेल तर १५ ते २० टक्के पाणी बदला. टायमरचं घड्याळ बघा, एवढ्या दिवसांत डिजिटल टायमरची बॅटरीही उतरलेली असू शकते. मग चार दिवस रात्री १० ते पहाटे ४ चालवा, पाचव्या दिवशी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा, आणि सहाव्या टप्प्यातल्या नियमांप्रमाणे तास पुन्हा चढवत न्या.